कुठल्या रानाकडून कोणतं काम घ्यायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. मोहोळ तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. एकूण ९ एकर. ओढ्याकडेला ४ एकर खोल काळं रान, त्याच्या वर ३ एकर मध्यम काळं आणि सगळ्यात वर २ एकर मुरमाड माळ. माळावर गवत, पाच-सहा गावठी बोरी आणि हिवराची दोन झाडं आहेत. यंदा बोअरला पाणी लागलं. वडील म्हणतात ज्वारी-हरभरा सोडायचा नाही. थोरले बंधू म्हणतात खालच्या चार एकरांत ऊस लावू आणि माळ जेसीबीने सपाट करून डाळिंब करू. खालच्या रानाचा सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि सामू (पीएच) ८.४ आला आहे. घरी दोन गायी, आठ शेळ्या. उत्पन्नही वाढावं, पाणीही मुरावं, मातीही सुधारावी, हे सगळं एकत्र कसं बसवायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

एका तुकड्यात ते बसत नाही, आणि बसवायला जाऊही नये. तुमच्या नऊ एकरांत मात्र बसतं.

माती आपल्यासाठी पाच कामं करते. पीक देते, पावसाचं पाणी धरते आणि गाळून खाली सोडते, कर्ब साठवते, शेण-पालापाचोळ्यातली अन्नद्रव्यं पुन्हा पिकाला फिरवून देते आणि असंख्य जिवांना घर देते. आयर्लंडमधल्या मृदाशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हीच पाच कामं समोर ठेवून जमीन-व्यवस्थापनाची एक पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माती पाचही कामं थोडीफार करते, पण सगळी सारखीच चांगली करत नाही. म्हणून कुठल्या जमिनीकडून काय मागायचं हे तिची कुवत बघून ठरवावं. तिकडे पाऊस उदंड आणि कुरणं हिरवीगार. आपल्याकडे पाऊस ५०० ते ६०० मिमीच्या घरात, त्यातही ऑगस्टमध्ये उघडीप आणि खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात. हिशेब वेगळा आहे, पण विचार आपल्याला तंतोतंत लागू पडतो. आपल्या जुन्या माणसांनी रानाला बरड, मध्यम, भारी, मळीचं अशी नावं ठेवली ती उगाच नाही. ती नावं म्हणजे कामाची वाटणीच होती.

आता तुमच्या खालच्या चार एकरांकडे येऊ. खोल काळी माती मीटरभर खोल असेल, तर पिकाला घेता येईल असं साधारण १५० मिमी पाणी ती पोटात धरते. एकरी हे ६ लाख लिटर झालं. दहा हजार लिटरचे साठ टँकर एका एकरात, तेही झाकलेले आणि फुकट. या साठ्यावरच ज्वारी थंडीत एका थेंबाशिवाय उभी राहते. तुमच्याच मोहोळला निवड केलेला ज्वारीचा वाण मालदांडी ३५-१ अजून टिकून आहे तो यामुळे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागेही तिथलं खोल काळं रान आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय, त्याचा मोठा भाग या एका गोष्टीभोवती फिरतो: पावसाचं पाणी जागच्या जागी कसं मुरवायचं.

बंधू म्हणतात त्याप्रमाणे या रानात वाहत्या पाण्यावर ऊस लावला, तर एका एकराला वर्षाकाठी ८० लाख लिटरच्या आसपास पाणी लागेल. चार एकरांचे सव्वातीन कोटी. रोजची सरासरी काढली तर ८८ हजार लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त, म्हणजे नेमकं बोअर दमतं तेव्हा. पण पाणी पुरलं असतं तरी मी इथे ऊस लावू नका असंच सांगितलं असतं. ज्या रानाला निसर्गाने स्वतःची टाकी दिली आहे, तिथे बोअरचं पाणी ओतायचं कशाला? शिवाय ओढ्याकाठचं सखल, चिकण, सामू आताच ८.४. अशा रानाला बारमाही भरून पाणी दिलं की निचरा होत नाही, खालचे क्षार केशाकर्षणाने वर येतात आणि मातीला सोडियम चिकटतो. उजनीच्या कालव्याखाली आणि भीमेच्या काठाने हे किती तरी शिवारांत झालंय. आधी सकाळी सरीच्या माथ्यावर पांढरी खार दिसते, मग पावसाचं पाणी दिवस दिवस तुंबतं, मग ज्वारीसुद्धा उगवत नाही. रान असं चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि नापीक झालं की जिप्सम, धैंच्याचं हिरवळीचं खत, चर खोदून निचरा, सगळं करूनही पूर्वीची टाकी परत यायला वर्षानुवर्षं जातात. निचरा नसताना नुसतं जिप्सम टाकणं तर वाया जातं, कारण सुटलेला सोडियम बाहेर जायला वाटच नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या दीड एकर भारी रानात मी डाळिंब लावलं होतं. लोक माझा सल्ला घेतात आणि मीच ती चूक केली. तीन वर्षं बाग दृष्ट लागावी अशी होती. चौथ्या पावसाळ्यानंतर एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली. आठ-दहा दिवसांत शेजारची. झाड वाळलं तेव्हा बुंधा आडवा कापून बघितला. लाकडाच्या आत करडा-तपकिरी डाग चांदणीसारखा पसरलेला. मर रोग. बुरशीचं नाव सांगता येतं, औषधांची यादीही सांगता येते, पण मुळाशी कारण एकच होतं: जी माती पाणी धरण्यात इतकी तरबेज आहे, ती मुळांना हवा देण्यात तितकीच कंजूष असते. एक गुण दुसऱ्याच्या आड येतो. मी त्या रानाकडून तिला न जमणारं काम मागत होतो. दोन वर्षांत बाग काढली. आज तिथे ज्वारी आणि हरभरा आहे.

म्हणून वडिलांचं ऐका. खालचं रान ज्वारी-हरभऱ्यालाच ठेवा, पण वडील ठेवतात तसं नाही. आपली जुनी रीत म्हणजे खरिपात रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या देत राहायचं आणि उत्तरा-हस्तात पेरायचं. यात ओल साठते हे खरं. पण जून ते सप्टेंबर उघड्या मातीवर टपोरा पाऊस बडवतो, वरचा पातळ थर गढूळ पाण्याबरोबर ओढ्याला जातो, आणि कर्ब असतो तो त्याच थरात. म्हणजे पाणी मिळवताना आपण माती घालवतो. यावर पहिला उपाय अगदी सोपा: जूनमध्येच सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने उताराला आडवे सारे पाडून वाफे करायचे. पडेल तो पाऊस वाफ्यातच थांबतो. पेरणीच्या वेळी वाफे मोडायचे.

दुसरी गोष्ट जरा जपून करायची. मृगात चांगला पाऊस झाला आणि रानात हातभर ओल गेली, तर खोल रानात ६० ते ६५ दिवसांचा मूग घेता येतो. माती झाकलेली राहते, नत्र मिळतं, घरात चार पैसे येतात. पण मूग ओल पितो, आणि सप्टेंबरचा पाऊस चुकला तर ज्वारी उपाशी. इथे पाण्याचं काम आणि कर्ब-नत्राचं काम आमनेसामने येतात. मी असं ठरवलंय: खोल रानात, मृग साधला तरच, आणि चार एकरांपैकी दोनातच मूग. पाऊस लांबला तर त्या वर्षी नाही. मध्यम रानात कोरडवाहू ज्वारी असेल तर तिच्याआधी मूग घेऊच नये. तिथली टाकी लहान आहे.

ज्वारी उभी राहिल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी चुकवू नका; शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे या रानासाठीच म्हटलंय. वाण रानाच्या खोलीप्रमाणे घ्या. भारी रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, मध्यमला फुले सुचित्रा, हलक्याला फुले अनुराधा किंवा फुले माउली. कडबा गायींना जाणारच, तो मातीत गाडा असं मी कधी सांगत नाही. आपल्याकडे कडब्याचा भाव कधी कधी ज्वारीला मागे टाकतो. पण कापणीनंतर उरलेली धसकटं वेचून बांधावर जाळतात ते बंद करा. मुळाचा तेवढाच वाटा मातीला परत मिळतो.

मग बोअरचं पाणी कुठे द्यायचं? मधल्या तीन एकरांना. त्या रानाची टाकी लहान म्हणून तिथे पाण्याची खरी गरज आहे, खाली मुरूम लागतो म्हणून निचरा आहे, आणि त्यामुळे क्षार साचायची भीती कमी. त्यातही सगळ्या तीन एकरांत ऊस नको. साधारण एक एकर, ठिबकवर, रुंद सरीत. उरलेल्या दोन एकरांत तूर, करडई, हरभरा, एखाद-दुसरं संरक्षित पाणी देऊन. तिथे दिलेल्या एका पाण्याचा मोबदला उसाला दिलेल्या दहाव्या पाण्यापेक्षा जास्त असतो, हे मी अनेक रानांत बघितलंय.

कर्ब वाढवायचं काम याच ओलिताच्या एकराला द्या. कोरडवाहू रानात आपल्या उन्हात कर्ब टिकत नाही; शेणखत टाकलं तरी जिवाणू त्यातला बराचसा खाऊन हवेत सोडतात. एकरात वरच्या १५ सेंमी थरात साधारण ८ लाख किलो माती असते. कर्ब ०.४ चा ०.५ करायचा म्हणजे त्यात ८०० किलो निव्वळ कर्ब मुरून राहिला पाहिजे. टाकलेला नव्हे, टिकलेला. दोन वर्षांत एक टक्का करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या बाटल्यांवर पैसे घालू नका. खालच्या रानात ८-१० वर्षांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलात तरी ते मोठं यश आहे.

ओलिताच्या रानात मात्र पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला आहे. एकरी तीन-चार टन. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, आणि तोड झाली की संध्याकाळी क्षितिजावर धूर. पेटवलेल्या पाचटातलं नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळं जातं. ते न जाळता खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर फुटणारा पुढचा ऊस ठेवा: बुडखे मातीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. पहिल्या वर्षी उंदीर, वाळवी यांची काळजी वाटते. दुसऱ्या वर्षी पाचट उचकून बघा, खाली गांडुळांची विष्ठा दिसेल आणि हाताला ओल लागेल.

युरियाबद्दल एक गोष्ट. उसाला पोत्यांनी युरिया टाकून भरून पाणी दिलं की नत्र नायट्रेट होऊन मुरमातून खाली उतरतं आणि तुमच्याच वस्तीच्या बोअरमध्ये येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात लहान मूल असेल तर एकदा तपासून घ्याच. माती पाणी गाळते, पण तिच्या गाळण्यालाही मर्यादा असते. ठिबकमधून थोडं थोडं द्या. आणि उकिरडा बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला न्या.

शेणाचा हिशेब बसवू. दोन गायींचं वर्षाचं ओलं शेण आठ-नऊ टन, कुजून तीन-चार टन खत. कोरडवाहूला एकरी दोन टन धरलं तर दरवर्षी फार तर दोन एकर. सगळ्या रानात चिमूट चिमूट फेकू नका. खालच्या चार एकरांतले दोन यंदा, दोन पुढच्या वर्षी. गोवऱ्या थापत असाल तर तेवढं खत कमी धरा. आणि ज्वारी निघाल्यावर मेंढरं बसवा. आपल्याकडे धनगर वाटेवर असतातच. चार-सहा रात्री कळप बसला की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर मिळतं, वाहतूक नाही की फेकणं नाही.

राहिला माळ. इथे मी थोडा हट्टाने बोलणार आहे. बंधूंना वाटतं ते दोन एकर रिकामे आहेत. माळ रिकामा नसतो. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांची मुळं त्या चार-सहा बोटं मातीला शिवून ठेवतात. पाऊस तिथे आधी पडतो, गवतात अडतो, मुरतो आणि सावकाश तुमच्या मधल्या रानाखालून उतरतो. तुमच्या बोअरच्या पाण्यात माळाचा वाटा आहे. जेसीबीने सपाटीकरण केलं की वरची माती खड्ड्यांत जाते, उघडा मुरूम आणि चुनखडी वर येते, आणि पहिल्याच वळवात ओघळ पडतो तो थेट खालच्या ज्वारीच्या रानात. डाळिंबाला मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते हे खरं आहे. बंधूंचं ते म्हणणं चूक नाही. पण त्यासाठी माळ फोडायची गरज नाही. मधल्या रानाच्या वरच्या कडेला, माळाला लागून जिथे मुरूम दोन फुटांवर लागतो, तिथे तूर-हरभऱ्याच्या दोन एकरांतलाच अर्धा एकर गादीवाफ्यावर करून बघा. तेल्या आणि मर हे डाळिंबाचे रोग सांभाळता येतात का, याचा अंदाजही तेवढ्यात येईल. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, लागवडीआधी एक चक्कर मारा.

माळावर शेळ्या मोकळ्या सोडू नका. पावसाळ्यात गवत वाढू द्या आणि कापून आणून घाला. गावठी बोरी छाटून त्यांच्या नव्या फुटव्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला उमराण किंवा कडाका या बोराच्या जातींचे डोळे भरा. जुनी मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे पाणी न घालता बोरं मिळतात. हिवर तोडू नका. नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तिथे गेलात तर गवत राखलेला माळ किती जिवंत असतो ते दिसेल, काळवीट, लांडगे, तितर, चंडोल. आता माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, आणि माळ फोडले जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. तुमच्या दोन एकरांनी माळढोक परत येणार नाही. पण तूर, करडई, डाळिंबाच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या आणि अळ्या टिपणारी पाखरं राहतात ती अशाच तुकड्यांत आणि तालींवर, म्हणजे शेताच्या मोठ्या मातीच्या बांधांवर. तालींवर तणनाशक मारू नका, तीन-चार फूट गवत राहू द्या. यातल्या कित्येक ताली बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच आजी-आजोबांनी डोक्यावर पाट्या वाहून घातल्या आहेत. त्या नांगराने दरवर्षी वीतभर खाल्ल्या जाताना बघून जीव तुटतो.

तलावातला गाळ टाकू का, हेही विचारलंय. खालच्या रानात अजिबात नको, तिथे चिकणमाती आधीच भरपूर आहे. मधल्या रानाच्या बरड पट्ट्यात चालेल, पण दोन इंचांचा थर म्हणजे एकरी सत्तर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). टिपरचा खर्च आधी काढा आणि गाळाचे क्षार तपासल्याशिवाय पहिली खेप आणू नका.

आता एक तपासणी तुम्ही घरीच करा. पैसे लागत नाहीत. तालीवरच्या गवताखालचं एक कोरडं ढेकूळ घ्या, लिंबाएवढं. तसंच एक खालच्या रानातलं, एक मधल्या रानातलं. तीन काचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन अलगद सोडा आणि हलवू नका. तालीवरचं ढेकूळ बुडबुडे सोडत बराच वेळ आकार धरून बसतं, पाणी नितळ राहतं. वहितीतलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांत ढासळून तळाशी पसरतं. ते ढासळलं पण पाणी नितळ असेल, तर कर्बाची उणीव आहे. पण ढेकळाभोवती दुधासारखं धुकं उठलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर सोडियम शिरू लागलाय असं समजा आणि त्या रानाला बोअरचं पाणी लगेच बंद करा. वडिलांना आणि बंधूंना शेजारी बसवून करा. घरातले वाद माझ्या बोलण्याने मिटणार नाहीत, पण एकाच रानाची माती बांधावर एक आणि सरीत दुसरी कशी, हे तिघांना एकदम दिसतं.

मग मला तीन गोष्टी कळवा. मे महिन्यात बोअर किती तास चालतं आणि दोनशे लिटरचं पिंप किती मिनिटांत भरतं. बोअरच्या पाण्याचा क्षारांचा अहवाल. आणि मधल्या रानात वर, मध्ये, खाली असे तीन खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागला ते. त्यावरून ठिबकचं रान पाऊण एकर धरायचं की सव्वा, ते ठरवू. आणि पहिला मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन माळावर जा. पाणी जिथून धार धरून खाली उतरायला लागतं तिथे चुन्याची फक्की टाकून खूण करा, पुसली गेली तर दगड ठेवा. पाणी अडवायला घालायच्या दगडी बांधाची पहिली रास त्या जागी लागेल.